पहिली एरर शोधा, शेवटची नको
वाचकांचे प्रश्न : लिनक्स आणि वैज्ञानिक सॉफ्टवेअर

पाऊस सुरू झाला की हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पत्रं वाढतात, आणि त्यांतली निम्मी तरी डब्ल्यूआरएफ या हवामान-प्रतिमानाबद्दल असतात. म्हणून या वेळचं सदर सोर्समधून सॉफ्टवेअर कंपाइल करण्याला, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा कार्यक्रम बांधण्याला, दिलं आहे. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली, कारण त्यातली अडचण एकटीची नाही. मी ज्या संस्थेत क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह) सांभाळते तिथे दरवर्षी नवी मुलं हीच अडचण घेऊन माझ्या टेबलापाशी येतात.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला एम.एस्सी. करते. महाबळेश्वर-कोयना पट्ट्यातल्या अतिवृष्टीवर माझा प्रकल्प आहे. लॅपटॉपवर उबुंटू आहे. नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटा-फाइली वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) आधी ‘ॲप्ट’ने, म्हणजे उबुंटूच्या तयार पॅकेजमधून, टाकलं. ते चालेना म्हणून एचडीएफ-५ आणि नेटसीडीएफ दोन्ही सोर्समधून पुन्हा कंपाइल केलं. पायथनसाठी ॲनाकोंडा आधीपासून होतंच. आता डब्ल्यूआरएफ तासभर कंपाइल होत राहतं आणि शेवटी ‘प्रॉब्लेम्स बिल्डिंग एक्झिक्युटेबल्स’ एवढंच म्हणतं. लॉगच्या शेवटच्या ओळी सोबत पाठवते आहे; त्यात ‘लिब-डब्ल्यूआरएफ-आयओ-एनएफ’ ही फाइल नाही असं दिसतं. सगळं पुसून उबुंटू नव्याने टाकू का?

उत्तर : उबुंटू पुसू नकोस. बिघाड तिथे नाहीच, आणि नवं उबुंटू टाकून तू याच जागी परत येशील.

आधी लॉग वाचायची रीत बदलू या. डब्ल्यूआरएफच्या मुख्य मेकफाइलमध्ये अगदी वर, ‘मेक’ला (एकेक फाइल कंपाइल करून घेणाऱ्या कार्यक्रमाला) ‘आय’ हा पर्याय लावलेला आहे. एरर आली तरी थांबू नकोस, पुढच्या फाइलकडे जा, असा त्याचा अर्थ. त्यामुळे खरी एरर पहिल्या काही मिनिटांत येऊन जाते आणि नंतर तासभर तिच्यामुळे अडलेल्या फाइलींच्या तक्रारी येत राहतात. तू पाठवलेल्या ओळी त्या तक्रारींतल्या आहेत. ती फाइल नाही, कारण ती तयार करणारा कोड कंपाइल झाला नाही. तो का झाला नाही, हे लॉगमध्ये खूप वर लिहिलेलं असेल. लॉग एडिटरमध्ये उघड, वरून खाली ‘एरर’ हा शब्द शोध, आणि पहिला जिथे सापडेल तिथे थांब. त्याच्या आधीच्या वीस ओळी वाच.

तिथे काय असेल याचा माझा अंदाज आहे : ‘नेटसीडीएफ डॉट इंक’ ही फाइल उघडता आली नाही. हे अंदाजाने म्हणते, पण तुझी मांडणी पाहता दुसरं काही असण्याची शक्यता कमी वाटते. नेटसीडीएफ आज एक पॅकेज नाही. ४.२ या आवृत्तीपासून त्याचा सी भाषेचा भाग वेगळा आणि फोर्ट्रानचा भाग वेगळा झाला. सीच्या भागात ‘नेटसीडीएफ डॉट एच’ असते. फोर्ट्रानला लागणारी ‘डॉट इंक’ दुसऱ्या पॅकेजमधून येते. डब्ल्यूआरएफ फोर्ट्रानमध्ये आहे. त्याला दोन्ही भाग हवेत, तेही एकाच मुळाखाली, कारण ‘नेटसीडीएफ’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तू जो पत्ता देतेस त्याखालच्या ‘इन्क्लूड’ आणि ‘लिब’ या फोल्डरांतच ते शोधतं. तू पत्रात नेटसीडीएफचा एकदाच उल्लेख केला आहेस. दुसरा भाग बहुधा राहिलाच असावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुझ्या लॅपटॉपवर आत्ता तीन संसार आहेत : ॲप्टचा, कोंडाचा आणि तू हाताने मांडलेला. टर्मिनल उघडलंस की ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘बेस’ दिसतं का? दिसत असेल तर कोंडा आपलं फोल्डर ‘पाथ’च्या, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या, सर्वांत पुढे ठेवतं. मग ‘एनसी-कॉन्फिग’ विचारलंस तर उत्तर कोंडाचं नेटसीडीएफ देतं, ‘एच५सीसी’ कोंडाचा चालतो आणि कंपायलर मात्र उबुंटूचा. कंपाइलपूर्वी मांडणी तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टला या सरमिसळीची कल्पना नसते. जे आधी सापडेल ते घेऊन ती पुढे जाते. म्हणून कंपाइल करायला बसण्यापूर्वी ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ कर आणि ‘विच’ या कमांडने जीफोर्ट्रान, जीसीसी, एमपीआयएफ९०, एनसी-कॉन्फिग आणि एनएफ-कॉन्फिग हे प्रत्येक नाव कुठल्या फोल्डरमधून येतं ते कागदावर लिहून काढ. एकही पत्ता अनपेक्षित असेल तर पुढे जाऊ नकोस. पायथनच्या कामाला कोंडा उत्तम आहे, ते काढून टाकायची गरज नाही. फक्त टर्मिनल उघडताच आपोआप सुरू होणं बंद कर.

आता क्रम. घरच्या फोल्डरमध्ये एकच नवं फोल्डर कर आणि सगळ्या लायब्ररी त्यातच बसव. प्रत्येक वेळी कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ म्हणून त्याचाच पत्ता दे. सुडो (प्रशासकाचा अधिकार) कुठेही लागत नाही, आणि बिनसलं तर ते एक फोल्डर पुसून नव्याने सुरू करता येतं.

पहिलं झेडलिब. नेटसीडीएफ-४ च्या फाइली आतून एचडीएफ-५ च्याच असतात आणि त्यातला डेटा आवळून ठेवायचं काम झेडलिब करतं, म्हणून ते पायाला. मग एचडीएफ-५. मग नेटसीडीएफ-सी, याला कॉन्फिगर करताना ‘सीपीपी-फ्लॅग्ज’मध्ये तुझ्या फोल्डरचं ‘इन्क्लूड’ आणि ‘एलडी-फ्लॅग्ज’मध्ये ‘लिब’ द्यायला विसरू नकोस. ते कर्ल लायब्ररी मागून अडलं तर ‘डिसेबल-डॅप’ लाव. डॅप म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचा डेटा नेटवरून वाचण्याची सोय, तुला ती लागणार नाही. त्यानंतर त्याच प्रीफिक्सवर नेटसीडीएफ-फोर्ट्रान. लॅपटॉपचे सगळे कोअर वापरायचे असतील तर एमपिच (एमपीआय, म्हणजे अनेक प्रोसेस एकत्र चालवण्याची सोय, देणारं पॅकेज) हे या सगळ्याच्या आधी. प्रत्येक टप्प्यावर ‘मेक’नंतर ‘मेक चेक’ चालव आणि मगच ‘मेक इन्स्टॉल’. मेक चेकला वेळ लागतो म्हणून मुलं तो गाळतात. गाळू नये. एचडीएफ-५ मधला दोष एचडीएफ-५ पाशीच कळला तर तो दहा मिनिटांचा असतो. डब्ल्यूआरएफ चालू असताना कळला तर तो कुठून आला हेच ओळखू येत नाही.

हे सगळं एकाच कंपायलरने, एकाच आवृत्तीने व्हायला हवं. सीच्या लायब्ररी या बाबतीत बऱ्याच सोशिक असतात, फोर्ट्रान नाही. फोर्ट्रानचं मॉड्यूल कंपाइल झालं की ‘डॉट मॉड’ फाइल बनते, आणि ती ज्या कंपायलरने बनवली त्यालाच वाचता येते. इंटेलच्या कंपायलरने बनवलेली जीफोर्ट्रानला वाचता येत नाही. जीफोर्ट्रानच्याच दोन दूरच्या आवृत्त्यांतसुद्धा ती चालत नाही. डब्ल्यूआरएफ स्वतः अशा शेकडो फाइली बनवतं. मध्येच कंपायलर बदललास तर आधी ‘क्लीन’ला ‘ए’ पर्याय देऊन झाडून साफ कर. तसं केल्यावर कॉन्फिगर परत करावं लागतं, हे लक्षात ठेव.

एवढं झालं की डब्ल्यूआरएफ सोपं आहे. टीसीशेल आणि एम४ टाकलेलं असू दे, त्याच्या स्क्रिप्ट सी-शेलमध्ये आहेत. कॉन्फिगर तुला पर्यायांची लांब यादी दाखवेल. जीफोर्ट्रान आणि एमपीआयसाठी ‘डीएम-पार’ हा स्तंभ पाहा. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी लॅपटॉपवर आवृत्ती ४ मध्ये तो ३४ क्रमांकाचा असतो, तरी समोरची यादी वाचूनच आकडा दे. नेस्टिंगला (मोठ्या ग्रिडच्या आत बारीक ग्रिड बसवण्याला) १. मग ‘ईएम-रिअल’ कंपाइल कर आणि सगळं बोलणं लॉग फाइलमध्ये जाऊ दे. यश मिळाल्याची खूण म्हणजे ‘मेन’ फोल्डरमध्ये चार फाइली : डब्ल्यूआरएफ, रिअल, एनडाउन आणि टीसी. डब्ल्यूपीएस (डब्ल्यूआरएफसाठी सुरुवातीचा डेटा तयार करणारं पॅकेज) त्यानंतर, आधी नाही, कारण ते डब्ल्यूआरएफच्याच आयओ लायब्ररी उसन्या घेतं. आणि पहिल्याच रनला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आला तर घाबरून परत कंपाइल करू नकोस; ‘यूलिमिट’ने स्टॅकची मर्यादा अमर्याद करून पाहा, बहुतेकदा तेवढंच असतं.

नेस्टिंगबद्दल दोन शब्द, कारण तुझा विषय मला जवळचा आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथून कोकणाची सपाटी फार दूर नाही. २७ किलोमीटरच्या ग्रिडवर तो अख्खा कडा एकदोन चौकोनांत सरासरी होऊन बुटका होतो, आणि अरबी समुद्राचं बाष्प ज्या चढणीमुळे वर जातं ती चढणच प्रतिमानात उरत नाही. २७, ९ आणि ३ किलोमीटर अशा तीन नेस्ट ठेव. ३ किलोमीटरच्या नेस्टवर लॅपटॉपचे सगळे कोअर लागतील, म्हणून वर एमपीआयचा आग्रह धरला. आतली नेस्ट घाटापुरती लहान ठेव आणि सुरुवातीला एका दिवसाचंच रन कर. मोठी रन करायची असतील तर मार्गदर्शकांना सांगून जवळच्या विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या क्लस्टरवर वेळ मागून घे. तिथे आजची ही सगळी कसरत कामी येईल.

प्रश्न : आमच्या मार्गदर्शकांनी १९९० च्या दशकात लिहिलेला भूजलाचा फोर्ट्रान कोड आहे. इतकी वर्षं विनातक्रार कंपाइल होत होता. प्रयोगशाळेतलं लिनक्स अद्ययावत केल्यावर ‘टाइप मिसमॅच बिटवीन ॲक्च्युअल आर्ग्युमेंट’ अशा पन्नासेक एरर येतात. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. (संशोधक, नागपूर)

उत्तर : कोड तोच आहे, कंपायलर कडक झाला आहे. जीफोर्ट्रानची १० वी आवृत्ती २०२० मध्ये आली. एकाच सबरुटीनला एका ठिकाणी रिअल ॲरे आणि दुसऱ्या ठिकाणी इंटिजर ॲरे दिला, तर आधीच्या आवृत्त्या फार तर इशारा देत. १० पासून ती एरर झाली. जुन्या एमपिचचं कॉन्फिगरही याच कारणाने अडतं, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

तात्पुरता उपाय ‘एफ-अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायचा पर्याय. तो लावला की एररचे इशारे होतात आणि कोड पूर्वीसारखा बनतो. फोर्ट्रान ७७ च्या कोडला ‘एसटीडी इज इक्वल टू लेगसी’ लावलंत तरी चालेल, त्यात हेही येतं. सीचे जुने कार्यक्रम असतील तर जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, तसंच झालं : जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही आता सरळ एरर आहे.

पण फ्लॅग लावून फाइल बंद करू नका, ही माझी विनंती. त्या पन्नास जागा एकेक करून पाहा. बहुतेक ठिकाणी एकच कामाचा ॲरे कधी आकड्यांसाठी, कधी निर्देशांकांसाठी वापरलेला असेल. मेमरी महाग होती तेव्हाची ती शहाणी काटकसर होती आणि आजही ती निरुपद्रवी आहे. पण एखाद्या जागी डबल प्रिसिजनची अपेक्षा असलेल्या रुटीनला सिंगल प्रिसिजनचा आकडा जात असेल, तर तिथलं उत्तर आजवर चुकत आलं असण्याची शक्यता आहे. मार्गदर्शक हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून हे करा. कोणती जागा हेतूने तशी आहे हे त्यांना पटकन सांगता येईल, आणि ते कोडमध्ये टिपणीच्या रूपात लिहून ठेवा. असे कोड आपल्या विद्यापीठांत बरेच आहेत आणि ते ओळखणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत.

प्रश्न : ‘मेक’ला ‘जे १६’ दिलं की माझा संगणक गोठतो आणि शेवटी ‘किल्ड’ एवढंच येतं. कोड बिघडलेला आहे का? (अभियांत्रिकी विद्यार्थी, अकोला)

उत्तर : नाही. मेमरी संपली आणि लिनक्सने कंपायलरला मारलं. ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. सी++ मध्ये टेम्प्लेट भरपूर असतील तर एकेक फाइल कंपाइल व्हायला एक ते दोन जीबी सहज खाते. सोळा एकदम चालवल्या तर हिशोब तुम्हीच करा. उपलब्ध जीबीच्या निम्मा आकडा ‘जे’ला द्या. अडलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं, परत सगळं साफ करायची गरज नाही.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सध्या जर्मनीत पीएच.डी. करते आहे. विद्यापीठाच्या क्लस्टरवर लॉगिन नोडला (जिथून क्लस्टरमध्ये प्रवेश करतो त्या संगणकावर) कोड कंपाइल केला, तिथे चाचणी व्यवस्थित झाली. जॉब टाकला की कधी ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’, तर कधी ‘लिबनेटसीडीएफएफ डॉट एसओ डॉट ७ उघडता आली नाही’. दोन्ही एकाच कोडला कशा?

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत, पण मूळ एकच : जिथे कंपाइल केलं ती जागा आणि जिथे चालतं ती जागा वेगळी आहे.

‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ आली म्हणजे बहुधा तुमच्या फ्लॅगमध्ये ‘मार्च नेटिव्ह’ आहे. नेटिव्ह म्हणजे कंपाइल करताना जो प्रोसेसर समोर आहे तो. लॉगिन नोड नवा असेल तर कंपायलर एव्हीएक्स-५१२ च्या सूचना घालतो, आणि जॉब जुन्या नोडवर गेला की तिथल्या प्रोसेसरला त्या माहीतच नसतात. नव्या नोडवर गेला की चालतो, म्हणून ‘कधी’. जीसीसी ११ पासून ‘एक्स८६-६४-व्ही३’ असं लक्ष्य देता येतं. त्यात एव्हीएक्स-२ पर्यंतच्या सूचना येतात आणि इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेलपासून पुढच्या सर्व्हर-प्रोसेसरांवर ते चालतं. ओपनब्लास (मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी) स्वतः कंपाइल केलं असेल तर ‘डायनॅमिक आर्च’ चालू ठेवून परत करा; मग तो निरनिराळ्या प्रोसेसरांसाठीचा कोड बरोबर बाळगतो आणि चालताना योग्य तो निवडतो. अर्थात सर्वांत चांगलं म्हणजे कंपाइलच जॉब म्हणून, कंप्यूट नोडवर करणं.

दुसऱ्या तक्रारीसाठी ‘एलडीडी’ वापरा, पण लॉगिन नोडवर नाही, जॉबच्या स्क्रिप्टमधून. ‘नॉट फाउंड’ असं जिच्यापुढे येईल ती लायब्ररी जॉबला सापडत नाही. लॉगिनला तुमच्या बॅशआरसीमुळे किंवा ‘मॉड्यूल लोड’मुळे ‘एलडी लायब्ररी पाथ’ भरलेला असतो; जॉबमध्ये तो असेलच असं नाही. तीच मॉड्यूलं स्क्रिप्टमध्ये लोड करा. तुमच्या स्वतःच्या लायब्ररींसाठी मी ‘आर-पाथ’ सुचवीन. लिंक करताना लायब्ररीचा पत्ता कार्यक्रमातच कोरला जातो, आणि मग कुठल्याही शेलमधून चालवा, तो तिथेच शोधतो. एलडी लायब्ररी पाथवर सगळा भार टाकला की एका कोडसाठी केलेला बदल दुसऱ्या कोडला मोडतो. क्लस्टरवर मला हे इतक्यांदा निस्तरावं लागतं की नव्या विद्यार्थ्यांना आर-पाथ पहिल्याच आठवड्यात शिकवते.

प्रश्न : माझं आणि मित्राचं डब्ल्यूआरएफ एकच आवृत्ती, एकच नेमलिस्ट (रनच्या सेटिंगची फाइल), एकच सुरुवातीचा डेटा. तरी ७२ तासांनंतर पाऊस वेगळा येतो. नक्की कुणाचं कंपाइल चुकलं? (हवामानशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : बहुधा कुणाचंच नाही. मला आवडलेला हा या वेळचा प्रश्न.

संगणकातली बेरीज क्रमावर अवलंबून असते. पायथन उघडा. (०.१ + ०.२) + ०.३ चं उत्तर ०.६००००००००००००००१ येतं आणि ०.१ + (०.२ + ०.३) चं ०.६. कंपायलरने वेग वाढवायला बेरजेचा क्रम बदलला, गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकली, किंवा तुमच्याकडे चार प्रोसेस आणि मित्राकडे आठ असल्याने आंशिक बेरजा वेगळ्या क्रमाने जमल्या, की शेवटचा अंक हलतो. हवामानाच्या समीकरणांत तो तिथे थांबत नाही. १९६१ मध्ये एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपलं छोटं हवामान-प्रतिमान मध्यापासून परत चालवलं. संगणकात ०.५०६१२७ होतं, छापील कागदावर तीनच दशांश होते म्हणून त्यांनी ०.५०६ भरलं. काही वेळाने दोन्ही हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. तुमच्या दोघांतला फरक त्याहून कितीतरी लहान सुरू झाला, पण वाट तीच आहे. घाटावरच्या ढगांत तो आणखी लवकर वाढतो.

म्हणून ७२ तासांचा नकाशा शेजारी ठेवून काही ठरत नाही. पहिल्या तासाचा ठेवा. तापमानातला फरक अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा कमी, आणि नकाशाभर विखुरलेला असेल तर तो आकड्यांच्या राउंडिंगचा आहे. पहिल्याच तासाला एखाद्या जागी दोन अंशांचा फरक असेल तर मात्र खरंच काहीतरी वेगळं आहे. तेव्हा दोघांनी प्रोसेसची संख्या सारखी ठेवून, ऑप्टिमायझेशन शून्यावर आणून परत कंपाइल करा. डब्ल्यूआरएफच्या कॉन्फिगरला ‘डी’ हा डीबगचा पर्याय त्यासाठीच आहे. फरक नाहीसा झाला तर ‘ऑफास्ट’ किंवा ‘फास्ट-मॅथ’ कुणी लावलं आहे ते पाहा आणि काढा. नाहीसा झाला नाही तर जीफोर्ट्रानचे ‘एफ-चेक ऑल’ आणि ‘एफएफपीई-ट्रॅप’ लावून चालवा : ॲरेच्या हद्दीबाहेर कुणी वाचत असेल किंवा शून्याने भागत असेल तर कार्यक्रम त्याच ओळीवर थांबेल. तुम्ही कोडमध्ये स्वतः काही भर घातली असेल तर तपास तिथूनच सुरू करा.

आणि पावसाबद्दल लिहिताना एका रनवरून लिहू नका. सुरुवातीच्या डेटात किंचित बदल करून काही रन करा आणि त्यांचा पसारा दाखवा. तुमचा आणि मित्राचा निकाल दोन्ही त्यात बसले, तर तुमचं उत्तर मिळालं.

प्रश्न : मी नाशिकला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ने एका मिनिटात सगळं मिळत असताना सोर्समधून कंपाइल करण्याचा अट्टहास कशाला? आणि बी.एस्सी.च्या मुलांना हे शिकवावं का?

उत्तर : सर, अट्टहास करूच नये. एका संगणकावर आलेख काढायचे, नेटसीडीएफ फाइल उघडून पाहायची, समीकरणं सोडवायची, याला ॲप्ट किंवा कोंडा पुरेसं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. सोर्सकडे वळायची कारणं मोजकी असतात. क्लस्टरचं एमपीआय त्या नेटवर्कसाठी खास बांधलेलं असतं, आणि समांतर एचडीएफ-५ त्याच एमपीआयवर बांधावं लागतं. प्रोसेसरचा पुरा वेग हवा असतो : ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं गणित करणारं सॉफ्टवेअर) वेगळ्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेलं असेल तर ते स्वतःच लॉगच्या सुरुवातीला तसं बजावतं. कधी संशोधनपत्रिकेतला निकाल नेमक्या त्याच आवृत्तीने परत काढायचा असतो. आणि कधी कोडमध्ये स्वतःचं समीकरण घालायचं असतं. मला हे कारण सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तिथून संशोधन सुरू होतं.

त्यातही हाताने बांधण्याची सक्ती आता राहिलेली नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेलं स्पॅक आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातलं ईझीबिल्ड, दोन्ही नेमकं हेच काम करतात : कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या कंपायलरने, हे सांगा, साखळी ती बांधतात. आमच्या क्लस्टरवर बहुतेक गोष्टी मी स्पॅकनेच बांधते. कोल्हापूरच्या विद्यार्थिनीला मी तरी हाताने बांधायला सांगितलं, कारण स्पॅक मध्येच थांबलं तर त्याचा लॉग वाचायला हीच समज लागते.

मुलांना शिकवावं का, तर हो, पण लहान प्रमाणात. पहिल्याच तासाला डब्ल्यूआरएफ नको. झेडलिब घ्या, ते कुठल्याही संगणकावर मिनिटाच्या आत बांधलं जातं. प्रत्येकाला ते आपल्या घरच्या फोल्डरमध्ये बसवू द्या. मग दहा ओळींचा सी कार्यक्रम द्या, जो एक वाक्य आवळतो आणि परत उलगडतो. तो चालला की त्यांना मुद्दाम मोडायला सांगा. हेडरचा पत्ता काढला की काय एरर येते, ‘एल झेड’ गाळलं की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ कसा येतो, आणि बांधून झाल्यावर लायब्ररीचं फोल्डर हलवलं तर कार्यक्रम चालताना काय म्हणतो. यातली पहिली कंपाइलची, दुसरी लिंकची, तिसरी चालवतानाची. शेवटच्या वेळी कार्यक्रम तरीही चालला तर ‘एलडीडी’ दाखवा : त्याला उबुंटूचं स्वतःचं झेडलिब सापडलेलं असेल, आणि वर्गात चर्चेला तेवढं पुरेल.

पुढच्या तासाला प्रत्येकाकडून एक वही मागा. कॉन्फिगरची पूर्ण ओळ, कंपायलरची आवृत्ती आणि तारीख. ओळ लिहायची राहिली असेल तर ती झेडलिबच्या ‘कॉन्फिगर डॉट लॉग’च्या सुरुवातीच्या ओळींत जशीच्या तशी असते, हेही त्यांना दाखवा.